पेटीवर देवगड, आत कर्नाटक: विकलेल्या मालाचं काय करू?

पेटीवाला:
पुण्यात माझं फळांचं छोटं दुकान आहे. गेल्या आठवड्यात अडत्याकडून हापूसच्या ४० पेट्या आल्या, वर ठसठशीत 'देवगड'. २६ विकल्या. एक घरी फोडली तर साल जाड, गर केशरी नाही तर पिवळा, वास नाकाशी नेल्याशिवाय येईना. अडत्याला फोन लावला. म्हणाला, "शेठ, या भावात देवगड मिळतो का? कर्नाटकचा आहे. मला वाटलं तुम्हाला माहितीये."

माहीत नव्हतं. भाव ऐकून शंका आली होती, मी काणाडोळा केला, हेही कबूल.

उरलेल्या १३ पेट्या कर्नाटक हापूस म्हणून पडेल भावात काढतो. तो प्रश्न नाही. प्रश्न त्या २६ चा. १२ एका कंपनीने भेट द्यायला नेल्या, बाकी रोजची गिऱ्हाइकं. फोन करून सांगू की गप्प बसू? अडत्याकडे आठ वर्षांची उधारी चालते, त्याच्याशी बिघडलं तर पुढचा हंगाम रोखीने करावा लागेल.

बेरकी बंडू:
गप्प बसा. आंबा नासका होता का? कुणाची तक्रार आली का? फोन केलात तर ती माणसं पुढच्या वर्षी दुसऱ्या दुकानात जातील. तिथे हाच आंबा मिळेल, फक्त फोन येणार नाही.

कातळावरचा:
बंडूशेठ, तक्रार माझी आहे. रत्नागिरीजवळ आमची कलमं आहेत. फवारणी, राखण, पेंढा, खोकी, एवढं करून माल वाशीला पाठवायचा आणि तिथे आमच्याच नावाच्या पेटीतला परका आंबा भाव पाडतो. २०१८ ला हापूसला जीआय (भौगोलिक निर्देशन, म्हणजे ते नाव ठरलेल्या भागातल्या मालालाच) मिळालं, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी. नाव आमचं आणि पैसा दुसऱ्याचा, हे किती वर्षं चालायचं?

बेरकी बंडू:
आणि रत्नागिरीचा माल देवगडच्या पेटीत घालून कोण पाठवतं हो, काका?

कातळावरचा:
घालतात. आमच्या वाडीतही घालतात. मी घालत नाही, पण शेजाऱ्याला कधी बोललोही नाही.

कलमबहाद्दर:
(आंब्याचं नाही, कायद्याचं.) पेटीवाले, तुमचं 'माहीत नव्हतं' फोन लावेपर्यंत चाललं असतं. १९९९ च्या भौगोलिक निर्देशन कायद्यात खोट्या नावाचा माल विकणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि दंड आहे. पुरेशी खबरदारी घेतली होती आणि संशयाला जागा नव्हती हे सिद्ध केलं तर सुटका. तुम्ही तर वरच लिहिलंय की शंका आली होती! शिवाय अन्नसुरक्षा कायद्याखाली चुकीच्या लेबलला तीन लाखांपर्यंत दंड. अडत्याकडून कच्चं बिल घेतलंय की पक्कं?

पेटीवाला:
कच्चं.

कलमबहाद्दर:
मग अडत्या हात वर करणार.

सुगरण_ठाणे:
मी गिऱ्हाईक म्हणून सांगते. कर्नाटकचा आंबा वाईट नसतो, आमरसाला मी मुद्दाम तोच घेते. राग आंब्याचा नाही, डझनामागे जास्त मोजलेल्या पैशांचा येतो. मला असा फोन आला तर त्या दुकानदाराला मी सोडणार नाही. अर्थात फरकाचे पैसेही दिले तर. नुसतं 'सॉरी ताई' म्हणून काय करू?

बेरकी बंडू:
ताई, तुम्ही एक. बाकीच्या सगळ्या जणी व्हॉट्सॲपवर लिहितील, 'अमुक दुकानात डुप्लिकेट'. फोन केला हे कुणी लिहीत नाही.

पेटीवाला:
बंडूशेठचं हे पटतं, म्हणून दोन दिवस काढले. काल नेहमीच्या १४ जणांना फोन केले, डझनामागे फरक परत देतो म्हटलं. नऊ जण घ्यायला येतायत, चार म्हणाले पुढच्या खरेदीत वळते करा, एकाने शिव्या घातल्या.

अडकलोय कंपनीच्या १२ पेट्यांवर. तिथल्या खरेदीच्या मुलाला सांगितलं तर तो रडकुंडीला आला. "पेट्या मोठ्या गिऱ्हाइकांकडे गेल्यात. साहेबांना कळलं तर मी कमिशन खाल्लं म्हणतील. पैसे नकोत, पण तोंड उघडू नका." त्याने एक रुपया खाल्लेला नाही, मला माहितीये.

कातळावरचा:
साहेबांना तुम्हीच पत्र लिहा. चूक दुकानाची, मुलाला फसवून माल दिला, असं दुकानाच्या शिक्क्यानिशी.

कलमबहाद्दर:
'फसवून' लिहू नका! तो गुन्ह्याचा कबुलीजबाब होईल.

सुगरण_ठाणे:
मग काय लिहायचं?