मदत हवी आहे: जुन्या टर्बो डिझेल ट्रकचा एअर इनटेक

ट्रक 1996 चा, इंजिन 5.9 लिटर कमिन्स, 12 व्हॉल्व्ह. इंजेक्शन पंप मेकॅनिकल आहे, त्याच्या सेटिंगला हात लावलेला नाही, टर्बोही मूळचाच. हवा मोजणारा सेन्सर या इंजिनला नसतोच, त्यामुळे इनटेक बदलला तरी ट्यूनिंगचा प्रश्न येत नाही.

जड ट्रेलर घेऊन लांब चढ लागला की काळा धूर येतो आणि एक्झॉस्टचं तापमान फार लवकर वर जातं. नवा पेपर फिल्टर टाकला. लाइनमध्ये हवा भरून इंटरकूलरचे (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणारा भाग) होस आणि क्लॅम्प साबणाच्या पाण्याने तपासले, कुठेच बुडबुडा नाही. टर्बोची पाती घासत नाहीत. मग फिल्टर आणि टर्बोच्या मध्ये व्हॅक्यूम गेज लावला, तर पूर्ण लोडवर 22 इंच पाणी दाखवतो (हवा ओढताना होणाऱ्या अडथळ्याचं हे माप, जितकं जास्त तितका अडथळा जास्त). 25 ला सहसा फिल्टर बदलायची वेळ होते, आणि इथे तर फिल्टर कोरा आहे! म्हणून माझा संशय एअर बॉक्स आणि त्याच्या तोंडावरच आहे.

रस्ते धुळीचे आहेत, त्यामुळे तेल लावायचा कॉटन फिल्टर नको. बॉनेटखालची गरम हवा ओढणारा उघडा शंकूच्या आकाराचा फिल्टरसुद्धा नको.

बंद बॉक्स, मोठा पेपर फिल्टर आणि 4 इंची पाइप असं कोणी बसवलंय का? लोडवर गेजचं रीडिंग आणि एक्झॉस्टचं तापमान किती उतरलं? की आहे त्याच बॉक्सचं तोंड मोठं केलं तरी भागेल?