मदत हवी आहे : कागद नसलेला मुलगा, नागरिक मुलगी आणि आम्ही दोघं (अमेरिका)

मंडळी, नमस्कार. इथे बरीच वर्षं नुसती वाचत आले. आज लिहिण्यासाठी वेगळं नाव घेतलंय, ते का हे पुढे कळेलच. सेंट्रल जर्सीत राहतो एवढं सांगते, त्यापलीकडे कृपया विचारू नका.

डिसेंबर २००५ मध्ये आम्ही तिघं इथे आलो. ह्यांचा एच-१बी, म्हणजे नोकरीवरचा व्हिसा, माझा आणि मुलाचा त्याला जोडलेला कुटुंबाचा एच-४. मुलगा तीन वर्षांचा होता. २००८ साली धाकटी इथेच झाली, त्यामुळे ती जन्मानं नागरिक. २००९ च्या मंदीत ह्यांची नोकरी गेली. महिन्याभरात दुसरी मिळेल, पुढच्या महिन्यात मिळेल, असं करता करता मुदत उलटून गेली. मिरजेच्या घरावर कर्ज होतं, धाकटी अंगावर पीत होती. राहिलो. ती चूक होती आणि ती आम्हा दोघांची होती. मुलगा तेव्हा पहिलीत होता.

ओबामांनी १५ जून २०१२ ला डाका जाहीर केलं (डीएसीएचा उच्चार इथे असाच करतात). लहानपणी आलेल्या मुलांना दोन-दोन वर्षांसाठी हद्दपारीपासून संरक्षण आणि कामाचा परवाना. आमचा मुलगा प्रत्येक अटीत बसत होता, फक्त अर्जासाठी पंधरा वर्षं पूर्ण लागत होती. तो ऑक्टोबर २०१७ मध्ये पंधरा वर्षांचा झाला. ५ सप्टेंबर २०१७ ला ट्रम्प सरकारनं नवे अर्ज बंद केले. एक महिन्याचा फरक. पुढे सुप्रीम कोर्टानं जून २०२० मध्ये ती बंदी ५ विरुद्ध ४ मतांनी चुकीची ठरवली, डिसेंबरात नवे अर्ज पुन्हा सुरू झाले, आम्ही जानेवारी २०२१ मध्ये ४९५ डॉलर भरून अर्ज दिला. बोटांचे ठसे घ्यायची तारीख करोनामुळे लांबली. १६ जुलै २०२१ ला टेक्सासच्या न्यायाधीशांनी नवे अर्ज मंजूर करायला मनाई केली. तेव्हापासून अर्ज तसाच पडून आहे. नाकारलेला नाही, मंजूर नाही.

मुलानं मात्र कुठे थांबू दिलं नाही स्वतःला. न्यू जर्सीत २०१३ च्या कायद्यानं अशा मुलांना राज्याच्या विद्यापीठात स्थानिक फी लागते, २०१८ पासून राज्याची आर्थिक मदतही मिळते. तो नर्सिंग शिकला. २०२० मध्ये राज्यानं व्यवसायाचे परवाने स्टेटस (देशात राहायची कायदेशीर परवानगी) न बघता द्यायचं ठरवलं, म्हणून परीक्षा पास होऊन त्याला नर्सचा परवानाही मिळाला. पण नोकरीवर ठेवायला केंद्र सरकारचा कामाचा परवाना लागतो, तो नाही. फ्रेम करून भिंतीवर लावलेला तो परवाना मी रोज पुसते. तो बारावीच्या मुलांच्या केमिस्ट्रीच्या शिकवण्या घेतो.

आता खरी अडचण. जुलै २०२५ मध्ये प्रतिनिधीगृहात डिग्निटी अॅक्ट पुन्हा मांडला गेला, रिपब्लिकन सालाझार आणि डेमोक्रॅट एस्कोबार ह्या दोघींनी मिळून. मला समजलं ते असं : लहानपणी आलेल्या मुलांना ग्रीन कार्डापर्यंतची वाट आहे. आमच्यासारख्यांना, म्हणजे २०२१ च्या आधीपासून इथे असलेल्यांना, सात वर्षांत सात हजार डॉलर दंड भरून राहायची आणि काम करायची परवानगी, पण नागरिकत्वाची वाट नाही. मुलाच्या ओळखीतले काही जण ह्या बिलासाठी आपल्या भागातल्या प्रतिनिधीच्या कार्यालयात जाऊन बोलणार आहेत. त्यांनी त्याला स्वतःची गोष्ट सांगायला बोलावलंय. तो म्हणतो, जाणार नाही.

कारण विचारलं तर त्यानं मला त्यांनी दिलेला कागदच वाचून दाखवला. त्यात एक वाक्य आहे, जे २००१ साली अशा मुलांसाठीचं पहिलं बिल, ड्रीम अॅक्ट, आलं तेव्हापासून प्रत्येक भाषणात असतं : ह्या मुलांचा स्वतःचा काही दोष नाही. तो म्हणाला, "आई, हे वाक्य मी त्यांच्यासमोर म्हटलं की दोष कुणाचा हे मीच सांगितल्यासारखं झालं. तुम्हाला आरोपी करून मी साक्षीदार व्हायचं?" मला उत्तर सुचलं नाही. मी पोळ्या लाटत होते, लाटत राहिले.

मला स्वतःला वाटतं की त्यानं जावं. आम्ही सात हजार भरू, पुढची सात वर्षं भीती न बाळगता झोपू, एवढं मिळालं तरी मी देवापुढे साखर ठेवीन. पण त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे हेही मला दिसतं, कारण हे पहिल्यांदा होत नाहीये. तडजोडीची वेळ आली की पालकच पहिले वजा होतात. २०१३ चं सिनेटचं बिल त्यातल्या त्यात बरं होतं. ६८ विरुद्ध ३२ नं पास झालं, मुलांना पाच वर्षांत आणि पालकांना तेरा वर्षांत नागरिकत्वापर्यंत जाता आलं असतं. प्रतिनिधीगृहानं ते मतदानालाच घेतलं नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये ओबामांनी आमच्यासारख्यांसाठी, म्हणजे ज्यांचं मूल नागरिक आहे अशा आईवडिलांसाठी, डापा जाहीर केलं. मी तेव्हा शाळेच्या पावत्या, भाड्याच्या पावत्या, वीजबिलं सगळं वर्षवार लावून फाईल केली होती. सुरू व्हायच्या आधीच कोर्टानं थांबवलं आणि जून २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टात ४-४ अशी बरोबरी होऊन संपलं. फाईल अजून कपाटात आहे.

आणि १५ फेब्रुवारी २०१८. त्या दिवशी सिनेटमध्ये एकामागून एक मतदानं झाली. व्हाइट हाउसच्या योजनेत १८ लाख मुलांना नागरिकत्वाची वाट होती, त्यात आमचा मुलगा आला असता. बदल्यात मेक्सिकोच्या सीमेवरच्या भिंतीसाठी २५ अब्ज डॉलर आणि पुढे नागरिकांना फक्त नवराबायको आणि लहान मुलांनाच बोलावता येईल, आईवडील बाद. म्हणजे मुलाचं काम झालं असतं, आणि धाकटी एकवीस वर्षांची झाल्यावर आमच्यासाठी अर्ज करेल ही एकुलती एक आशा बंद झाली असती. नऊ वर्षांची होती ती. शेजारी बसून चित्र रंगवत होती. कुठल्या मुलाच्या वाटेसाठी प्रार्थना करायची, हे ज्या आईला ठरवावं लागलं असेल तिलाच ते कळेल. ती योजना ३९ विरुद्ध ६० नं पडली. दुसऱ्या, मधल्या वाटेच्या प्रस्तावाला ५४ मतं पडली, पण साठ लागत होती. त्यातही मुलांनी आणणाऱ्या आईवडिलांना स्पॉन्सर करायचं नाही, अशी अट होतीच.

आता माझे प्रश्न. मुलाचा पडून असलेला अर्ज तसाच ठेवावा की मागे घ्यावा? त्यात आमचा पत्ता आहे, म्हणून हे रात्री उठून बसतात. धाकटी २०२९ मध्ये एकवीस वर्षांची होईल. आम्ही व्हिसावर रीतसर आलो होतो, तर इथे राहूनच आमचं काम होऊ शकतं हे खरं आहे का? सात वर्षांच्या योजनेत नाव घातलं तर त्याला धक्का लागेल का? नातेवाईक म्हणतात मुलासाठी एखादी सिटिझन मुलगी बघा. तो विषय काढला की तो घराबाहेर जातो. २०१९ मध्ये एका सल्लागारानं आमच्याकडून पैसे घेऊन आश्रयाचा खोटा अर्ज तयार केला होता. आम्ही सही केली नाही, पैसे गेले. त्यामुळे आता कुणाकडे जायची भीती वाटते.

आणि ज्यांची मुलं अशा पेचात सापडली आहेत त्यांनी सांगावं, मुलाशी बोलू कसं? मंडळाच्या गणपतीत लोक सहज विचारतात, "इंडियाला कधी जाऊन आलात?" त्यावर खोटं बोलायची मला सवय झाली आहे. त्याच्याशी खोटं बोलायचं नाहीये.

प्रतिसाद

ताई, मी वकील नाही, पण इमिग्रेशन वकिलाच्या ऑफिसात अकरा वर्षं काम करते. अर्ज मागे घेऊ नका. मागे घेतल्यानं दिलेली माहिती पुसली जात नाही, रांगेतली जागा मात्र जाते. जानेवारी २०२५ मध्ये पाचव्या सर्किट कोर्टानं (टेक्सास ज्याच्या हद्दीत येतं त्या केंद्रीय अपील कोर्टानं) आपल्या आदेशाचा परिणाम टेक्सासपुरता ठेवला, त्यामुळे इतर राज्यांतल्या अडकलेल्या अर्जांना थोडी आशा आहे. मात्र पडून असलेला अर्ज संरक्षण देत नाही, हे मुलाला स्पष्ट माहीत असू द्या.

तुमचं दोघांचं : रीतसर तपासणी होऊन आत आलेल्या आईवडिलांना एकवीस वर्षांच्या नागरिक मुलामुलीमार्फत इथेच ग्रीन कार्डाचा अर्ज करता येतो, मुदत उलटलेली असली तरी. सीमा चोरून ओलांडून आलेल्यांना हे मिळत नाही, म्हणून तुमचा जुना पासपोर्ट आणि आय-९४ (आत येताना दिलेलं नोंदीचं कार्ड) जिवापाड जपा. देश सोडून जाऊ नका, एकदा बाहेर पडलात की दहा वर्षांची बंदी लागते. मुलीचं उत्पन्न कमी पडलं तर दुसरा जामीनदार चालतो. पण एक गोष्ट यजमानांना आजच विचारा : नोकरीच्या कुठल्याही फॉर्मवर त्यांनी कधी 'मी नागरिक आहे' ह्या चौकटीत खूण केली होती का? केली असेल तर त्याला बहुतेक माफी नाही, आणि आधी वकिलाला दाखवल्याशिवाय काहीच भरू नका.

मुलगाही व्हिसावर आला होता, त्यामुळे खरं लग्न झालं तर त्याचीही वाट आहे. खोटं लग्न केलं तर ती वाट कायमची बंद होते. नातेवाइकांना एवढं सांगा.

प्रतिसाद

वाचून आधी राग आला, खोटं कशाला बोलू. आम्ही २०११ पासून एच-१बीवर ग्रीन कार्डाच्या रांगेत आहोत, एक दिवस नियम मोडला नाही. मुलगी पाचव्या वर्षी आली, आता एकोणीस. एकवीसला तिचा एच-४ संपेल आणि तिला परदेशी विद्यार्थी म्हणून व्हिसा घ्यावा लागेल. डाकात बसायला १५ जून २०१२ ला स्टेटस नसणं ही अट होती, म्हणजे नियम पाळणाऱ्यांची मुलं मुळातच बाहेर. २०२१ मध्ये प्रतिनिधीगृहानं २२८ विरुद्ध १९७ नं पास केलेल्या बिलात आमचीही मुलं होती. ते सिनेटमध्ये राहिलं. तेव्हा मला कळलं की तुमचा मुलगा आणि माझी मुलगी एकाच कागदावर आहेत. तो त्या कार्यालयात गेला तर माझ्या मुलीला बरोबर पाठवीन. आणि ते वाक्य त्यानं म्हणू नये. गोष्ट त्याची आहे, वाक्यं त्यानं निवडावीत.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री ट्रंक उघडली. पासपोर्ट मिळाला, त्यात नेवार्कचा शिक्का आणि आय-९४ चं पांढरं कार्ड अजून स्टेपल केलेलं आहे. माझं आणि मुलाचंही. चौकटीचा प्रश्न ह्यांना विचारला. बराच वेळ गप्प बसले. म्हणाले, एका दुकानातल्या नोकरीत फॉर्म मालकानंच भरला होता, मी सही केली. नक्की काय होतं आठवत नाही. तर तो कागद मिळवायचा मार्ग कुणाला माहीत असेल तर सांगा. दुकान बंद झालंय.

रागावलेल्या दादा, तुमचा राग मला लागला नाही. तुमचा प्रतिसाद मुलाला वाचायला दिला. त्यानं दोनदा वाचला आणि विचारलं, त्यांची मुलगी काय शिकते? जाईन असं अजून म्हणालेला नाही. पण कागदावरचं ते वाक्य त्यानं पेनानं खोडलं आणि वर काहीतरी लिहायला सुरुवात केली आहे. मी अजून वाचलेलं नाही.

सेंट्रल जर्सीत न्याय खात्याची मान्यता असलेले, कमी फी घेणारे प्रतिनिधी किंवा लॉ स्कूलचं क्लिनिक कुणी स्वतः वापरलं असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. नुसतं ऐकीव नको. शनिवारी हे घरी असतात, शक्यतो त्याच दिवशी जाता येईल असं.