मदत हवी आहे: अमेरिकेतले स्थलांतरित कैदी आणि मृत्युदंड

मंडळी, या विषयावर लेख लिहितोय, पण एका जागी गाडं अडलंय.

वकिलातींविषयीच्या व्हिएन्ना या आंतरराष्ट्रीय कराराच्या कलम ३६ नुसार अटक झालेल्या परदेशी माणसाला, तू तुझ्या वकिलातीशी संपर्क साधू शकतोस, हे पोलिसांनी सांगायला हवं. अमेरिकेत मेक्सिकन कैद्यांना ते सांगितलं गेलं नाही म्हणून मेक्सिको आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. २००४ साली ५१ कैद्यांच्या खटल्यांचा फेरविचार करा, असा निकाल लागला. २००८ मध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने तो टेक्सासवर बंधनकारक नाही असं ठरवलं आणि त्याच वर्षी त्या ५१ जणांपैकी टेक्सासमधल्या होसे मेडेयीनला मृत्युदंड दिला गेला. इथवर कागद सापडतात.

पण मेडेयीनच्या गुन्ह्याबद्दल फारसा वाद नव्हता. मला हवेत ते नाहक अडकलेले. रिकार्डो अल्दापे गेरा हे एक नाव मिळालं: साक्षीदारांवर दबाव आणल्याचा ठपका संघीय न्यायाधीशांनी ठेवला आणि १९९७ साली तो टेक्सासमधून सुटला. तोवर जवळपास पंधरा वर्षं गेली होती!

दुभाष्याच्या चुकीमुळे किंवा न समजलेल्या जबाबावर सही केल्यामुळे मृत्युदंड झाला, अशी निकालपत्रं कुणी वाचली आहेत का? वकिलात वेळेत पोचल्याने खटला फिरला, असं उदाहरणही चालेल. बातम्या नकोत, मूळ निकाल कुठे वाचता येतील ते सांगा.