विल्यम्सचा बंब, डेमथचा पाच: मराठीत कसं आणावं?

तलावपाळी: ठाण्यात वाचनगटासाठी अमेरिकन कवी विल्यम कार्लोस विल्यम्सची ‘द ग्रेट फिगर’ (१९२१) ही कविता मराठीत करतेय. पावसात, दिव्यांत आगीच्या लाल बंबावरचा सोनेरी ५ हा आकडा दिसला, एवढीच ती कविता. तिच्यावरून चार्ल्स डेमथने १९२८ साली केलेलं चित्र सोबत ए३ कागदावर छापायचंय. वाक्य सरळ केलं की ‘दिसला’ शेवटी जातं आणि कविता मरते. आकडा अक्षरी लिहावा का?

खाडीकाठ: ‘दिसला’ तिसऱ्या ओळीतच ठेवा. मूळ कविता म्हणजे एकच वाक्य. त्यात बघणं आधी उरकतं, मग बंब, आवाज, शेवटी अंधारं शहर. क्रियापद शेवटी नेलं की धावता बंब उभा राहतो.

खरी मेख विशेषणांत आहे. धावतोय कोण, आकडा की बंब, हे मुळात मोकळं सोडलंय. ‘धावणारा, ताणलेला’ म्हटलं की आकडा ठरला. ‘धावणाऱ्या, ताणलेल्या’ म्हटलं की बंब. म्हणून रूप न बदलणारे शब्द घ्या: ‘धावत, ताठ, बेदखल’. आवाजांनाही क्रियापद नको. घंटेची घणघण, भोंग्याचा टाहो, चाकांचा खडखडाट, बस. आणि ‘अग्निशमन वाहन’ तर अजिबात नको!

वाशीकर: आकडा अंकातच हवा. मूळ ओळीतही तो शब्द नाही, चिन्ह आहे. डोळ्याला आधी दिसतं, कानाला नंतर ऐकू येतं. चित्रातला पाच इंग्रजी वळणाचा आहे म्हणून कवितेत तसा घालू नका, देवनागरी ५ च शोभेल.

नौपाडा_प्रिंट: मूळ चित्र ९०.२ × ७६.२ सेंमी, म्हणजे ए३ पेक्षा रुंद घडणीचं. २७ सेंमी रुंदी धरलीत तर उंची ३२ येते. खाली कविता मावते. ‘पानभर’ छापायला सांगू नका. तसं केलं की चित्राची डावी-उजवी बाजू कापली जाते. वरच्या कडेला ‘बिल’ (विल्यमचं लाडकं रूप) आणि तळाला कवी-चित्रकार दोघांची आद्याक्षरं आहेत, त्यांनाही धक्का लागू शकतो. चेहरा नसलेलं हे विल्यम्सचं व्यक्तिचित्रच आहे, त्यामुळे ती अक्षरं गेली तर मुद्दाच गेला. चार रंगांच्या छपाईत सोनेरी रंग मोहरीसारखा मळकट उतरतो. आधी ए४ नमुना काढून बघा.

तलावपाळी: ‘धावत, ताठ, बेदखल’ घेतलं. हक्कांचं काय?

खाडीकाठ: भारतात मृत्यूनंतरची साठ वर्षं मोजतात. विल्यम्स १९६३ मध्ये गेले, म्हणजे २०२३ अखेर मुदत संपली. डेमथ तर १९३५ मध्येच गेले. चित्राखाली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाचं नाव तेवढं द्या.