आर या प्रोग्रामिंग भाषेत तीन आलेख एकाखाली एक, पण तारखा जुळत नाहीत. कोणतं पॅकेज घेऊ?

धुऱ्यावरचा:
राजेहो, सल्ला पायजे. दारव्ह्याजवळ आमचं वावर आहे. बाबांच्या वहीत ७ जून ते ३१ डिसेंबर रोजचा पाऊस, दोरी सोडून मोजलेलं विहिरीचं पाणी आणि दसऱ्यानंतरचा कापसाचा भाव आहे. आरच्या जीजीप्लॉट या आलेख काढायच्या पॅकेजमध्ये तिन्ही आलेख झकास आले. ग्रिड डॉट अरेंजनं एकाखाली एक लावले, तर भावाची चौकट उजवीकडे सरकली. नेट मोबाइलचं आहे, लय जड सांगू नका.

पऱ्हाटी_अकोला:
पावसाच्या अक्षावर ‘४०’ असं दोन आकडी, भावाच्या अक्षावर ‘७५००’. आकड्यांना जागा जास्त लागली की चौकट तेवढी आत जाते. ग्रिड डॉट अरेंज आख्खी चित्रं सारखी करतं, आतल्या चौकटींशी त्याला घेणंदेणं नाही.
पॅचवर्क घे. तीन आलेखांच्या मधे भागाकाराची तिरकी रेघ दिली की झालं, चौकटी आपोआप एका रेषेत. पाऊस उंच हवा असेल तर प्लॉट_लेआउटमध्ये हाइट्स २, १, १ दे.

फुलीची_लागवड:
काउप्लॉट पॅकेजही चालतं. प्लॉट_ग्रिडमध्ये अलाइनला ‘व्ही’, अ‍ॅक्सिसला ‘एलआर’. एकाच आलेखाला बाजूला लेजंड (रंग-खुणांची यादी) असेल तर अ‍ॅक्सिस विसरू नको. पण नव्या माणसाला मी पॅचवर्कच सांगीन.
खरी गोम वेगळीच आहे भाऊ. चौकटी जुळल्या म्हणजे तारखा जुळल्या असं नाही. तुझा भाव दसऱ्यानंतर सुरू, म्हणजे त्याचा अक्ष ऑक्टोबरपासून. पेरताना वावरात दोरी ताणली, पण प्रत्येक ओळीत फुल्या वेगळ्या अंतरावर पाडल्या तर तण काढायचा डवरा आडवा फिरंल काय? तिन्हीला स्केल_एक्स_डेटमध्ये एकच लिमिट्स (पहिली आणि शेवटची तारीख) दे.

सोंगणी२०:
पायथनवाले असाल तर सबप्लॉट्समध्ये शेअरएक्स, लेआउट ‘कन्स्ट्रेन्ड’. फक्त पांडाज या लायब्ररीचा बार (दांड्यांचा आलेख) वापरू नका. तो तारखा सोडून ०, १, २ अशा जागांवर दांडे मांडतो, मग खालची रेघ त्याच्याशी जुळत नाही. मॅटप्लॉटलिबचाच बार घ्या. माझी एक रात्र गेली यात.

धुऱ्यावरचा:
पॅचवर्क टाकलं, लिमिट्स ७ जून ते ३१ डिसेंबर दिल्या. तिन्ही एका रेषेत! बाबांना दाखवलं तर म्हणतात, “मृगाच्या दिवशी पडला तो पाऊस कुठं गेला?” खरंच, ७ जूनचा दांडाच नाही. आरनं ओळी काढल्या म्हणून इशारा दिला होता, मी वाचलाच नाही.

फुलीची_लागवड:
दांड्याला रुंदी असते ना. ७ जूनचा दांडा अर्धा ६ तारखेकडे जातो, हद्दीबाहेर म्हणून आख्खा काढून टाकला. लिमिट्स काढ, त्याऐवजी शेवटी ‘अँड’ची खूण लावून कोऑर्ड_कार्टेशियनमध्ये एक्सलिम दे. ते नुसतं डोळ्यापुढची हद्द ठरवतं, डेटा काढत नाही.

धुऱ्यावरचा:
आला दांडा. १२ मिलिमीटर. बाबा वही घेऊन पडताळून राहिले.