58 ला थांबायचं की अजून दोन वर्षं काढायची? पेटीवाल्यांनो, भजनवाल्यांनो, सांगा

भाता_फोंडा

नमस्कार सगळ्यांना. ऑक्टोबरात मला 58 पूर्ण होतात. वेर्ण्याला औषधाच्या कंपनीत मेंटेनन्सला आहे, 31 वर्षं झाली, आमच्याकडे 58 ला रिटायर करतात. परवा एचआरने बोलावून सांगितलं की हवं तर कॉन्ट्रॅक्टवर दोन वर्षं राहा, पगार आत्ताच्या साधारण साठ टक्के, शिफ्ट तीच. महिन्याभरात कळवायचंय.

घराचं लोन फिटलंय. मुलगी फर्मागुडीला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, म्हणजे तो खर्च अजून थोडा आहे. बायको म्हणते तुम्हीच ठरवा. पण माझा जीव अडकलाय पेटीत. गावच्या देवळात भजनाला मी पंचवीस वर्षं पेटी धरतो, श्रावणात वास्कोच्या सप्ताहाला जातो (24 तास भजन चालू असतं, आमची पाळी बहुतेक उत्तररात्री येते, ती वेळ मला वर्षभर पुरते), आणि गेली सहा-सात वर्षं जुन्या पेट्या उघडून सूर लावायलाही शिकतोय. रिटायर झालो की हेच करायचं असं मनात पक्कं होतं.

मग गेल्या गुरुवारी एक गोष्ट झाली. घरी टेबलावर पेटी उघडून तार सप्तकातला गंधार लावत होतो, पितळेचा सूर (हवेने थरथरणारी जीभ, तिलाच आम्ही सूर म्हणतो) हळूच घासायचा, परत बसवायचा, भाता मारून ऐकायचं. माझ्या कानाला लागला. शेजारी भाचा बसला होता, तेरा वर्षांचा, तबला शिकतो. तो म्हणाला, मामा, उतरलाय अजून. मी म्हटलं नाही रे, बघ नीट. मोबाइलवरच्या ट्यूनरला लावला तर 12 सेंट खाली (शेजारच्या दोन पट्ट्यांत 100 सेंटचं अंतर असतं). पोराला जे सहज ऐकू आलं ते मला आलं नाही. त्या रात्री झोप लागली नाही खरं सांगायचं तर, कारण मी सगळा हिशोब साठीनंतरचा करून ठेवलाय आणि साठीनंतर कान राहणार का हाच प्रश्न पडला. त्यात तीस वर्षं मशीनच्या आवाजात गेलीत. उजव्या हाताचं मधलं बोटही सकाळी उठल्यावर अडकतं, गरम पाण्यात धरलं की सुटतं.

तर ज्यांनी आधी थांबून पाहिलंय, किंवा वाढवून घेतलंय, त्यांनी खरं खरं सांगा. दोन वर्षं ही पैशाच्या हिशोबात छोटी की पेटीच्या हिशोबात मोठी?

रायबंदर_मध्यम

मी सरकारी खात्यातून 60 ला निवृत्त झालो, चार वर्षं होतील. तुमच्यासारखंच मीही सगळं नंतरवर टाकलं होतं. पहिले सहा महिने काय केलं विचाराल तर काही नाही. सकाळी पोदेर (पाववाला) येऊन गेला की चहा, पेपर, बाजार, जेवण, झोप. पेटी कपाटात. नोकरीत असताना मात्र मी पहाटे पाच ते साडेसहा बसायचो, एक दिवस चुकायचा नाही, कारण नंतर बस पकडायची असायची. वेळ थोडा होता म्हणून घट्ट धरलेला होता. मोकळा झाला आणि हातातून सुटला.

मला परत बसवलं ते देवळातल्या भजनाच्या क्लासने. गावातली दहा-बारा मुलं येतात, मंगळवार आणि शुक्रवार सहाला, त्यांना अलंकार शिकवायचे. मुलं येणार म्हटल्यावर मला आधी बसावं लागतं. आता परत पाचला उठतो.

म्हणून माझं म्हणणं, नोकरी सोडा किंवा ठेवा, पण पेटीचे वार आणि वेळ आत्ताच ठरवून घ्या, आणि समोर कोणीतरी वाट बघणारा हवा. आणि एक, माझ्या मागे सरकारी पेन्शन आहे हे मी विसरत नाही, तुमचं तसं नाही, तेव्हा माझ्यासारखं सरळ सोडून द्या असं मी म्हणणार नाही.

सावर्डे_खरज

भाई, मला कोणी विचारलंच नव्हतं थांबणार का म्हणून. मी मायनिंगच्या ऑफिसात होतो. 2012 ला खाणी बंद झाल्या तेव्हा 54 वर्षांचा होतो, काही वर्षांनी थोडं सुरू झालं तेव्हा परत बोलावलं, आणि 2018 ला पुन्हा बंद, तिथे माझी नोकरी संपली. आमच्या भागात ट्रकवाले, गॅरेजवाले, हॉटेलवाले सगळेच एकदम घरी बसले ते दिवस आठवले की अजून छातीत धस्स होतं. त्यामुळे कोणी समोरून दोन वर्षांचं काम देतंय आणि हो-नाही म्हणायची मुभा तुमच्याकडे आहे, ही मोठी गोष्ट आहे, ती हलकी समजू नका.

आता मी 67 चा आहे आणि पेट्या दुरुस्त करतो. आधी हौस होती, नंतर पोटासाठी झाली. पावसाळा सुरू झाला की आपल्याकडे काय होतं तुम्हाला माहीत आहे, लाकूड फुगतं, पट्ट्या अडकतात, पट्ट्यांखालच्या स्प्रिंगा गंजतात, कसर आतली बनात (लोकरी कापड) खाते. मग चवथीच्या आधी पंधरा दिवस सगळ्यांना एकदमच आठवण होते, आरतीला पेटी पाहिजे म्हणून. त्या पंधरा दिवसांत मी रात्री एकपर्यंत बसतो. आवडतं मला. पण स्वतःसाठी पेटी वाजवणं कमी झालंय. दिवसभर दुसऱ्यांचे सूर घासून संध्याकाळी स्वतःची उघडावीशी वाटत नाही. हे कोणी आधी सांगितलं नव्हतं म्हणून सांगतो, हौसेचं काम केलं की हौसेतलं थोडं जातं. पैसे घेऊन करणार असाल तर महिन्याला दोन-तीनच पेट्या घ्या.

कानाबद्दल बोलतो कारण त्यात तुम्ही उगाच घाबरलाय असं वाटतं. वयाबरोबर आधी वरचे, बारीक आवाज जातात. गंधार तुम्हाला ऐकू येतोच आहे, पण त्याच्या पोटात जे वरचे उपस्वर असतात ते निसटायला लागतात, आणि सूर जुळला की नाही हे त्या उपस्वरांतच चटकन कळतं. मलाही ऐकू येत नाहीत आता. मी काय करतो, एकटा सूर कधीच लावत नाही. आधी मंद्रातला षड्ज पक्का करायचा, मग नर आणि मादी (एकाच पट्टीचे दोन सूर, मादी नराच्या सप्तकभर वर) दोन्ही एकदम वाजवून लहर ऐकायची. नराचा सप्तकभर वरचा उपस्वर 440 हर्ट्झला असेल आणि मादी 442 ला, तर सेकंदाला दोन लाटा येतात, वॉव वॉव अशी. ती लाट लांबत लांबत जाते आणि सूर मिळाला की थांबते. ते कानाला जेवढं कळतं तेवढंच पेटीवर तळहात ठेवला की हातालाही कळतं. तार सप्तक मग खालच्या सप्तकातल्या त्याच सुराच्या जोडीने वाजवून लावायचं. आणि घासताना टोकाकडे घासलं की चढतो, मुळाकडे घासलं की उतरतो, हे तुम्हाला माहीत असेलच, पण शेवटच्या दोन सेंटसाठी घासू नका, गोव्याच्या हवेत तो आठवड्याने हलतोच.

ट्यूनर वापरायला लाजू नका. आणि त्या भाच्याला शेजारी बसवत जा, तो तुमचा कान आहे.

आपल्या बोरीचे पेटीवादक तुळशीदास बोरकर 1934 चे, पद्मश्री मिळाली 2016 ला, म्हणजे ऐंशी ओलांडल्यावर. पेटीत साठी हे काही वय नाही.

म्हापसा_काळी_चार

मी थोडं वेगळं सांगते, बायकांच्या बाजूने. मी शाळेत शिकवते, 59 चालू आहे, आणि मला शेवटच्या दिवसापर्यंत नोकरी करायची आहे. लोकांना वाटतं गाण्याची एवढी आवड आहे तर ही व्हीआरएस का घेत नाही. कारण असं आहे की शाळा आहे म्हणून माझा रियाज आहे. शाळा सुटल्यावर तिथल्याच संगीताच्या खोलीत मी चाळीस मिनिटं बसते, दार ओढून घेते, त्या वेळेत मला कोणी हाक मारत नाही. घरी सासूबाई 86 च्या आहेत, मुलीचं बाळ लहान आहे, आणि सगळ्यांनी आत्तापासूनच बोलून ठेवलंय की आता आईला वेळच वेळ. सगळ्यांवर माझं प्रेम आहे, मी करणारच आहे त्यांचं. पण रिटायर झाल्यावरचा तो वेळ माझा असेल असं घरात कोणाच्याच डोक्यात नाही, आणि ते बदलायला मला अजून वर्षभर बोलत राहावं लागणार आहे.

म्हणून भाता दादा, तुम्ही विचारलंय दोन वर्षं मोठी की छोटी, पण त्याआधी घरी बसून हे बोललात का की निवृत्तीनंतर दिवसाचे कोणते तास पेटीचे? वहिनी तुम्हीच ठरवा म्हणाल्या, पण त्यांच्याही मनात काहीतरी असेलच. त्यांनाही एखादी गोष्ट करायची राहिली असेल. विचारून बघा, मनापासून सांगते.

केरीच्या गायिका केसरबाई केरकर 1963-64 च्या सुमारास स्वतःहून जाहीर गाणं थांबवून बसल्या. कधी थांबायचं हे स्वतः ठरवायला मिळणं हे मला त्यांच्या गाण्याइतकंच मोठं वाटतं. तुम्हाला आत्ता ते मिळतंय. शांतपणे ठरवा, महिना आहे.

बँकेतला_तबलजी

भावनेचं सगळं बोलून झालंय, मी आकडे देतो, कारण आकडे माहीत नसले की माणूस भीतीने नोकरी ओढत राहतो.

ग्रॅच्युइटी: शेवटचा बेसिक अधिक डीए, त्याचे 26 दिवसांच्या हिशोबाने 15 दिवस, गुणिले वर्षं. समजा 39,000 आहे, तर 22,500 गुणिले 31, म्हणजे 6,97,500. ही तुम्हाला 58 लाच मिळते, कॉन्ट्रॅक्ट घेतलं तरी जुन्या नोकरीची मिळालीच पाहिजे, एचआरकडून लेखी घ्या.

पीएफची पेन्शन: जादा पेन्शनचा पर्याय घेतला नसेल तर ती 15,000 पगारावरच धरतात, म्हणून महिन्याला साडेसात हजाराच्या आतच राहते. त्यावर घर चालत नाही. पण ती 58 ला घ्यायलाच पाहिजे असं नाही, 60 पर्यंत पुढे ढकलली तर वर्षाला 4 टक्के वाढते. कॉन्ट्रॅक्टचा पगार असताना ढकलणं सोयीचं पडतं.

सीनियर सिटिझन स्कीम: 60 ची अट सगळ्यांना लागू नाही. 55 नंतर रिटायर होणाऱ्याला पैसे हातात आल्यापासून तीन महिन्यांत खातं उघडता येतं, मिळालेल्या रकमेच्या आत. मी उघडलं तेव्हा 8.2 टक्के होते. 15 लाख ठेवले तर दर तिमाहीला 30,750 येतात. ही तीन महिन्यांची मुदत चुकवू नका, आमच्या काउंटरवर चुकवलेले लोक मी रडकुंडीला आलेले पाहिलेत.

आणि कंपनीचा मेडिक्लेम कॉन्ट्रॅक्टमध्ये चालू राहतो का हे पहिलं विचारा. नसेल तर स्वतःचा आत्ताच काढा, साठीनंतर प्रीमियम झेपत नाही. गोवा सरकारच्या आरोग्य योजनेचं, दीन दयाळ स्वास्थ्य सेवेचं कार्ड असेलच, तिघांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि चार किंवा जास्त असतील तर चार लाख, पण ते रिन्यू केलंय का बघा.

मी स्वतः वाढवून घेतलं होतं, एक वर्ष. तबल्याला काही फरक पडला नाही. खांद्याला पडला. बोटाचं दुखणं मात्र डॉक्टरला दाखवा, अडकणाऱ्या बोटाला उपाय असतो, गरम पाण्यावर वर्षं काढू नका, मी तीच चूक केली आणि दीड वर्ष डग्गा नीट घुमला नाही.

भाता_फोंडा

एवढं मनापासून लिहिलंत सगळ्यांनी. दोन दिवस वाचतोय. ताई, तुमचं वाचून काल रात्री बायकोला विचारलं. थोडा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली मला पोहायला शिकायचंय. 29 वर्षांत एकदा बोलली नव्हती. नदीकाठच्या गावची ती, लहानपणी भाऊ पोहायचे आणि हिला काठावर कपडे राखायला बसवायचे म्हणे. मला फार वाईट वाटलं आणि बरंही वाटलं की विचारलं.

आज एचआरला जाऊन सांगितलं की दोन वर्षं नको, एक वर्ष द्या, आणि आठवड्याला चार दिवस, जनरल शिफ्ट, मुलीचं शेवटचं वर्ष संपेपर्यंत. पगार त्या प्रमाणात कमी करा. ते म्हणाले वर विचारून सांगतो. नाही म्हणाले तर ऑक्टोबरात थांबणार, हे घरी ठरलंय. मेडिक्लेमचंही विचारलं, कॉन्ट्रॅक्टवाल्यांना नाही, त्यामुळे ते काम या आठवड्यात. बोटाची अपॉइंटमेंट बुधवारी आहे.

रायबंदर भाई, आमच्या देवळातही मुलं आहेत, शनिवारी संध्याकाळी त्यांना बसवायचं म्हणून पुजाऱ्यांशी बोललोय.

आणि सावर्डे भाई, तुम्ही सांगितलंत तसं काल नर-मादी एकदम वाजवून तळहात ठेवून बघितला. मंद्रात लहर थांबलेली स्पष्ट कळली. तार सप्तकात हाताला अजून काही समजत नाही, तिथे गोंधळतो. रविवारी दहाच्या आत पेटी घेऊन सावर्ड्याला आलो तर चालेल का? तीन सुरांची आहे, खरजाचे दोन सूर बोलतच नाहीत. भाच्यालाही आणतो.