कन्नड घाटातली दरड: दोष पावसाचा, मातीचा की जेसीबीचा?

गिरणाकाठचा
३१ ऑगस्ट २०२१ ला तितूर-डोंगरी नद्यांना पूर येऊन चाळीसगावात पाणी शिरलं आणि त्याच पावसात चाळीसगावहून कन्नडला जाणाऱ्या कन्नड घाटात दरडी कोसळून रस्ता बंद पडला. तेव्हापासून ज्याला विचारावं तो म्हणतो, ‘पाऊसच तसा झाला.’ मला पटत नाही. पाऊस काळ्या कातळावरही पडतो, तो नुसता धुऊन निघतो. घसरतं ते त्याच्यावरचं कुजका दगड, मुरूम, मातीचं पांघरूण.

आमच्या मामांची विहीर घाटाच्या पायथ्याला आहे. तीस फुटांवर हातभर जाडीचा तांबडा थर लागला, गेरूसारखा. कोरडा होता तोवर पहारीला दाद देईना. ओला झाल्यावर साबणासारखा बुळबुळीत, फावड्याला सोडेना. दुसऱ्या पावसाळ्यात विहिरीची एक बाजू नेमकी त्या थरावरून सरकली. लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये असे पट्टे जागोजागी सापडतात. वरच्या भेगाळ खडकातून झिरपलेलं पाणी तिथे येऊन अडतं.

घाटातला ड्रायव्हर
भो, तुमचा तो तांबडा थर कोट्यवधी वर्षं तिथेच आहे ना? मग आत्ताच कसा घसरला? डोंगराचा पाय रस्त्यासाठी उभा कापला म्हणून! पोत्यांच्या थप्पीतलं खालचं पोतं ओढायचं आणि ज्वारीला दोष द्यायचा.

कपाशीवाली
काळ्या मातीला विसरलात सगळे. मे महिन्यात आमच्या रानातल्या भेगेत हात कोपरापर्यंत जातो. पहिल्या पावसाचं पाणी थेट खाली उतरतं, मग माती फुगते. नाल्याकाठचा बांध दरवर्षी असाच ढासळतो.

गिरणाकाठचा
ताई, बांधाचं खरं आहे, पण काळी जमीन मुख्यतः सपाटीला. घाटात भरड माती. भरड पाणी झटकन पिते, झटकन सोडते. चिकण सावकाश पिते, पण धरून ठेवते. वर भरड आणि खाली चिकण, ही जोडी वाईट. मधल्या पोकळ्या पाण्याने गच्च भरल्या की ते पाणीच कणांना रेटतं, एकमेकांवरची पकड सुटते. मग नुसतं ढेकूळ घसरत नाही, सगळं पातळ पिठल्यासारखं वाहतं. पुणे जिल्ह्यातल्या माळीण गावात ३० जुलै २०१४ ला असाच चिखल आला, दीडशेवर माणसं गेली.

घाटातला ड्रायव्हर
माळीणचं नाव काढलंत तर हेही सांगा, तिथे वरच्या उतारावर यंत्राने सपाटीकरण झालं होतं, ही चर्चा तेव्हाच झाली होती. म्हणजे परत जेसीबीच.

सातपुड्याचा
आमच्या चांदसैली घाटातही दरडी येतात. झाडांची मुळं राहिली असती तर वरचा एक-दोन मीटर थर तरी धरून राहिला असता. त्याखालून सरकलं तर मुळं काय करणार, ते मात्र कबूल.

घाटातला ड्रायव्हर
मुळं सोडा. एका संरक्षक भिंतीत पाणी निघायला पाईप ठेवलेत. मागच्या आषाढात गाडी बंद पडली तेव्हा जवळून पाहिले. तिघांच्या तोंडात गाळ, एकात गवत उगवलेलं. भिंतीमागचं पाणी जाणार कुठे?

गिरणाकाठचा
मी तरी दुसरं काय म्हणतोय? मातीत अडकलेलं पाणी!

घाटातला ड्रायव्हर
नाही दादा. तुम्ही मातीचं म्हणताय, मी ठेकेदाराचं.